टिपणी यंत्राची, सही कारकुनाची

पत्राचा सारांश

खान्देशातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचे हे पत्र आहे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचा आणि तालुक्याचा उल्लेख गाळला आहे. तालुक्यातील महसूल विभागाच्या आणि पंचायत समितीच्या कर्मचाऱ्यांना ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शासकीय धोरण’ या विषयावर दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, अशी विनंती त्यांच्याकडे आली. पहिल्या तुकडीसाठी त्यांनी मेहनतीने तयारी केली. पहिल्या दिवशी यंत्र कसे शिकते हे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या देशांतील कायदे समजावले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. निवृत्तीच्या जवळ आलेले एक अव्वल कारकून उठून म्हणाले, “मॅडम, हाई आमले काय कामनं? धोरण मंत्रालयात ठरतं. आम्हाला कोणतं बटन दाबायचं तेवढं सांगा.” तरुण कर्मचारी मागच्या रांगेत बसून मोबाइलवर चॅटजीपीटीकडून टिपण्या लिहून घेत होते. ज्यांनी प्रशिक्षण आयोजित केले त्या अधिकाऱ्यांना हजेरीपट, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे एवढ्यातच रस असल्याचे त्यांना जाणवले. दुसरी तुकडी पुढील महिन्यात आहे. त्या विचारतात, “धोरणाचा भाग गाळून केवळ साधने वापरायला शिकवू, की नम्रपणे नकार देऊ? ज्यांना धोरण ठरवायचेच नाही, त्यांना ते शिकवून उपयोग काय?”

उत्तर

सप्रेम नमस्कार,

नकार देऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही नाही म्हणालात तर त्या जागी एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा विक्री प्रतिनिधी येईल आणि तो दोन्ही दिवस आपल्याच उत्पादनाचे गुण सांगेल. मात्र पहिल्या तुकडीचा कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा राबवू नका. तो अभ्यासक्रम परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम ठरला असता. तुमच्यासमोर बसलेल्या माणसांच्या टेबलावर मात्र त्या दोन दिवसांत टपालाचा ढीग वाढत होता, आणि त्या ढिगाशी तुमच्या विषयाचा काय संबंध आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. खुर्च्या रिकाम्या झाल्या त्या आळसापेक्षा या कारणाने, असे मला वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. धोरण मंत्रालयात ठरते हे अव्वल कारकुनांचे म्हणणे तुम्ही फार लवकर मान्य केले. कागदावर ते खरे आहे. शेतीमधील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी राज्याने २०२५ ते २०२९ या काळाकरिता ‘महाॲग्री-एआय’ धोरण आखले आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. त्यासाठी तालुक्यातील कोणत्याही कारकुनाचे मत कोणी घेतले नसेल. पण शासनाशी नागरिकाची गाठ पडते ती खिडकीवर. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारायचा असेल, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, नकाराचे कारण लेखी कळवावे लागते, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा नाकारली तर त्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. उद्या एखाद्या प्रणालीने अर्जासमोर लाल खूण केली आणि कर्मचाऱ्याने “सिस्टीम घेत नाही” एवढेच सांगून अर्जदाराला परत पाठवले, तर कारण कोणी दिले? यंत्राने ते दिलेले नाही आणि कर्मचाऱ्याला ते ठाऊक नाही. अर्जदाराने अपील केले तर सुनावणीत काय सांगायचे? हा धोरणाचाच प्रश्न आहे आणि तो मंत्रालयापर्यंत पोहोचण्याआधी तहसीलच्या खिडकीवर उभा राहतो. तुमच्या प्रशिक्षणाची सुरुवात मी तेथूनच करीन.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता जवळजवळ नाहीच, म्हणून ते मला अधिक उपयोगाचे वाटते. ‘रोबोडेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत तेथील सरकारने भत्ता घेणाऱ्यांचे वार्षिक उत्पन्न करखात्याकडून घेतले, त्याचे २६ पंधरवड्यांत समान भाग पाडले, आणि लोकांनी प्रत्येक पंधरवड्यासाठी कळवलेल्या उत्पन्नाशी ते जुळले नाही की जादा दिलेल्या भत्त्याच्या वसुलीची नोटीस काढली. नोटीस चुकीची आहे हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर टाकला. ही पद्धत कायद्याला धरून नसल्याचे सरकारने २०१९ मध्ये न्यायालयात मान्य केले, त्यानंतर ४ लाख ७० हजार वसुली प्रकरणांतील रक्कम परत करण्याचे जाहीर करावे लागले, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. यातील चूक कोणत्याही गूढ यंत्राची नव्हती. शाळेच्या गणितातील साधी सरासरी होती, फक्त ती जेथे लावू नये तेथे लावली होती. त्या खात्यातील काही कर्मचाऱ्यांनी हे असे चालणार नाही म्हणून वरिष्ठांना कळवलेही होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

हे उदाहरण परदेशी म्हणून सांगू नका. फळ्यावर आपल्याकडील गणित मांडा. समजा, कापूस वेचणीला जाणाऱ्या एका मजूर बाईला दिवाळीपासून पुढे चार महिने, दरमहा १२,००० रुपये मिळाले आणि उरलेले आठ महिने जवळजवळ काहीच मिळाले नाही. वर्षाचे ४८,००० झाले आणि बारा महिन्यांची सरासरी ४,००० निघाली. आता आषाढात ती म्हणते की माझ्या हाताला काम नाही, आणि पडद्यावर दिसते की तिला दरमहा ४,००० रुपये उत्पन्न आहे. तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ही बाई ठाऊक आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे त्यांनी पाहिली आहेत. हे गणित त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. उलट त्यात आणखी काय काय चुकू शकते ते तेच तुम्हाला सांगतील, आणि तुम्ही ते फळ्यावर लिहून घ्या.

येथे तुमच्या पत्रातील दुसऱ्या एका समजुतीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. ज्येष्ठ कर्मचारी अडथळा आणि तरुण कर्मचारी तयार, अशी विभागणी तुमच्या मनात झालेली दिसते. मला चित्र बरेचसे उलटे वाटते. देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात झाले. त्या काळात नोकरीला लागलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. कष्टाने झिजलेले अंगठे रेशन दुकानातील यंत्राने ओळखले नाहीत म्हणून परत गेलेली म्हातारी माणसे त्यांनी पाहिली आहेत. सातबारा संगणकावर चढला तेव्हा क्षेत्रातील एक अंक इकडचा तिकडे झाला की काय होते, हे त्यांनी भोगले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचे किती प्रस्ताव त्यांनी लिहिले असतील, याची मोजदाद नसेल. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, संगणकीकृत सातबारा गावोगाव चावडीवर वाचून दाखवण्याची मोहीम झाली. यंत्रातील नोंद ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर, चारचौघांत, मोठ्याने वाचायची आणि हरकत असेल तर लगेच नोंदवायची, ही पद्धत आज जगभर ज्याला प्रणालीचे सार्वजनिक लेखापरीक्षण म्हणतात त्याच्या अगदी जवळची आहे. अव्वल कारकुनांना त्या मोहिमेबद्दल बोलायला सांगा. “बटन सांगा” म्हणणारे हेच गृहस्थ अर्धा तास बोलतील, आणि त्यांना थांबवण्याची घाई करू नका.

रावेर, यावल भागातील कर्मचारी असतील तर केळीच्या विम्याचा विषय काढा. हवामान आधारित फळपीक विम्यात कमी किंवा जास्त तापमानाची भरपाई बाग पाहून ठरत नाही. महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्रावर कोणता आकडा नोंदला गेला, त्यावरून ठरते. केंद्र कोठे बसवले आहे, ते बंद पडले तर कोणता आकडा धरायचा, शेजारच्या मंडळाला भरपाई मिळाली आणि आपल्याला का नाही, हे प्रश्न घेऊन शेतकरी कृषी कार्यालयात आणि तहसीलमध्ये येतात. आकड्याने निर्णय घ्यायचा आणि माणसाने त्याचे उत्तर द्यायचे, ही स्थिती आपल्या लोकांना नवी नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यात भर पडेल ती एवढीच की हवामान केंद्राचा आकडा निदान तपासता येतो. पुष्कळ प्रणालींबाबत निष्कर्ष कशावरून निघाला हे वापरणाऱ्याला दिसतच नाही.

आता मागच्या रांगेतील तरुणांविषयी. त्यांचे कौतुक जरा आवरते घ्या. मोबाइलवर टिपणी लिहून घेणारा मुलगा चलाख आहे यात शंका नाही, पण तो नेमके काय करतो ते जवळून पाहा. अर्जाचा फोटो काढतो आणि ॲपवर चढवतो. त्या अर्जावर अर्जदाराचे नाव, आधार क्रमांक, जात, कधी आजाराचा तपशील, कधी नवऱ्याविरुद्धची तक्रार असते. कार्यालयाच्या आवक नोंदवहीत ज्या कागदाला क्रमांक पडतो, तो कागद कोणतीही नोंद न होता एका खासगी परदेशी कंपनीच्या संगणकावर गेलेला असतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे कळवले, त्यामागे गोपनीयतेचीच चिंता होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा ऐकवून त्यांना घाबरवावे असे मी म्हणत नाही. घाबरलेला कर्मचारी साधन वापरणे सोडत नाही. तो ते लपून वापरू लागतो आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा नाव, क्रमांक, गाव आणि गट नंबर गाळून तोच मसुदा कसा लिहून घ्यायचा, हे करून दाखवा.

म्हणजे साधने शिकवायची का? जरूर शिकवा. अव्वल कारकुनांची ती मागणी हलकी समजू नका. लांबलचक परिपत्रकाचा गोषवारा काढणे, बैठकीच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा करणे, अर्जाला उत्तर देताना भाषा सोपी करणे, यांत कर्मचाऱ्यांचे खरोखर तास वाचतात, आणि ज्याचे तास वाचले तो पुढचे ऐकून घेतो. फक्त प्रत्येक साधनापाठोपाठ त्याची पडताळणी शिकवा. उदाहरणार्थ, पडद्यावर चॅटबॉटला विचारा की अमुक अनुदानाबाबतचा शासन निर्णय कोणत्या तारखेचा आहे. तो बहुधा अत्यंत आत्मविश्वासाने विभागाचे नाव, क्रमांक आणि तारीख देईल. मग राज्य शासनाचे संकेतस्थळ उघडा आणि तो शासन निर्णय शोधायला सांगा. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी, तो संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे एक वाक्य असते. ते वाक्य या मंडळींनी हजार वेळा वाचलेले आहे, पण यंत्राचे खरेखोटे तपासण्याचे हत्यार म्हणून त्याकडे पाहिलेले नाही. सापडला तर ठीक. न सापडला तर खोलीत जी शांतता पसरेल, ती तुमच्या दहा सरकपट्ट्यांचे (स्लाइड्सचे) काम करील. यंत्राने योगायोगाने बरोबर उत्तर दिले तरी बिघडत नाही, तपासण्याचा सराव झालाच.

दुसरा प्रयोग भाषेचा करा. एखाद्याला अहिराणीतून पाण्याच्या टाकीची तक्रार मोबाइलला सांगायला लावा आणि मराठीत काय उमटते ते सर्वांना दाखवा. पावरी किंवा भिली बोलणारा कर्मचारी असेल तर त्यालाही संधी द्या. लोक हसतील, हसू द्या. हसणे ओसरले की विचारा : तक्रारींची छाननी उद्या अशाच प्रणालीने होऊ लागली, तर सातपुड्यातील पाड्यावरून आलेली तक्रार कोणत्या कप्प्यात जाईल? आणि ती चुकीच्या कप्प्यात गेली हे कोणाच्या आणि केव्हा लक्षात येईल? यापुढे बहुधा तुम्हाला फारसे बोलावे लागणार नाही.

तंत्रज्ञानाचा भाग किती ठेवावा, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पहिल्या दिवसाची रूपरेषा वाचून मला ते सांगावेसे वाटते. न्यूरल नेटवर्कची आकृती काढून टाका. चॅटजीपीटीसारखे भाषेचे मॉडेल पुढचा शब्द कसा निवडते, ते सत्य शोधत नसून संभाव्य मजकूर जुळवत असते, आणि जुन्या निर्णयांवर शिकवलेली प्रणाली जुन्या निर्णयांतील भेदभावही शिकते, एवढ्या तीन गोष्टी कळल्या तरी तासाभराचे चीज झाले. परदेशी कायद्यांची तुलनाही काढा. त्याऐवजी केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी काढलेले धोरण घ्या. ते छोटे आहे, आपल्याच देशातील आहे आणि कार्यालयीन माणसाला समजेल अशा गोष्टींविषयी आहे : निष्कर्ष आणि आदेश ठरवण्यासाठी ही साधने वापरायची नाहीत, मान्यताप्राप्त साधनेच वापरायची, केलेल्या वापराची नोंद ठेवायची, आणि यंत्राने दिलेला मजकूर माणसाने तपासायचा. हे वाचून झाल्यावर तुकडीचे गट पाडा. प्रत्येक गटात एक ज्येष्ठ आणि एक तरुण असलाच पाहिजे. आपल्या कार्यालयासाठी असा एक पानाचा मसुदा लिहायला सांगा, आणि तो नेहमीच्या टिपणीच्या नमुन्यातच लिहायला सांगा, म्हणजे विषय, वस्तुस्थिती, नियम, प्रस्ताव. कोणत्या कामाला यंत्र चालेल, कोणत्या कामाला मुळीच नाही, कोणी तपासायचे, चूक आढळली तर कोणाला कळवायचे, आणि टिपणीत यंत्राचा वापर झाला असल्यास तसे नमूद करायचे का. शेवटच्या मुद्द्यावर वाद होईल. माझे मत नमूद करावे असे आहे, कारण उद्या ती नस्ती (फाइल) माहिती अधिकारात किंवा अपिलात गेली तर सही करणाऱ्याला त्या नोंदीचाच आधार राहील; पण वाद होऊ द्या, निकाल तुम्ही देऊ नका.

हा मसुदा हाती आला की अधिकाऱ्यांची अडचणही सुटते. त्यांना फोटो आणि प्रमाणपत्रे हवी आहेत, त्याबद्दल मनात अढी धरू नका. वर अहवाल पाठवायचा असतो आणि त्या अहवालाला रकाने असतात. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा व्हिडिओ चालू ठेवून चहाला जाऊनही प्रमाणपत्र मिळते, हे त्यांनाही माहीत आहे. प्रमाणपत्रांबरोबर गटांनी लिहिलेले मसुदे जोडले, तर त्यांच्या अहवालात इतर तालुक्यांकडे नसलेली एक वस्तू येते, आणि ती त्यांना आवडेल. शक्य झाल्यास तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्यासाठी वेगळा एक तास मागून घ्या. त्यात खरेदीबद्दल बोला : प्रणाली घेताना करारात माहितीची मालकी कोणाची लिहिली आहे, चूक किती दिवसांत दुरुस्त करून मिळेल, एखादा अर्ज का नाकारला हे प्रणाली सांगू शकते का, आणि कंपनी बदलली तर नोंदी परत मिळतील का. हे प्रश्न कर्मचाऱ्यांसमोर विचारले तर अधिकारी अवघडतील, म्हणून वेगळा तास.

एक प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारणारच आहे : आमच्या नोकऱ्या जातील का? गुळगुळीत उत्तर देऊ नका. कचेरीच्या आवारात टंकलेखन यंत्रे घेऊन बसणारी माणसे किती उरली, हे सर्वांनी पाहिले आहे. काही कामे कमी होतील आणि काही पदे पुन्हा भरली जाणार नाहीत, असे मला तरी वाटते. मात्र सुनावणी घेणे, स्थळपाहणी आणि पंचनामा करणे, आणि समोरच्या माणसाला कारण सांगणे, या कामांसाठी जबाबदार माणूस लागेल असे आजचे कायदे गृहीत धरतात, आणि ते तसेच राहावेत असे म्हणण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांना आहे. त्यांच्या संघटनांनी वेतन आणि बदल्यांबरोबर हा विषयही निवेदनात घ्यावा, असे तुम्ही अवश्य सुचवा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना, आशा कार्यकर्त्यांना किंवा सहकारी बँकेतील कर्मचाऱ्यांना हाच विषय शिकवण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांनी सातबाऱ्याच्या जागी हजेरीपट, लसीकरणाची नोंद किंवा कर्जाचा अर्ज घ्यावा. बाकी रचना बदलण्याचे कारण नाही.

दुसऱ्या तुकडीला महिना आहे, तर आजपासून एकच काम हाती घ्या. निकाली निघालेल्या तीन-चार नस्त्या मागा : एखादा नाकारलेला उत्पन्नाचा दाखला, एखादे कलम १५५ चे प्रकरण, एखादी पीकनुकसानीच्या अनुदानाची तक्रार. मागणी तोंडी करू नका, तहसीलदारांच्या नावे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. नस्त्या मिळाल्या की छायाप्रती काढा, त्यांवरील नावे, क्रमांक आणि गट नंबर काळ्या शाईने खोडा, आणि त्या छायाप्रतींच्या पुन्हा छायाप्रती काढा, कारण पहिल्या प्रतीवर उजेडात धरल्यास अक्षरे दिसतात. अभिलेख कक्षातून कागद बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून पत्र याच आठवड्यात द्या.